काळ्या कोपऱ्यातली झोप

आमच्या प्रयोगशाळेत एक घर आहे, त्याला छप्पर नाही. मोठ्या दालनाच्या मधोमध प्लायवूडच्या दोन भिंती आणि एक जमीन काटकोनात जोडून ठेवली आहे आणि सगळ्याला चमक नसलेला काळा रंग दिला आहे. एवढंच ते घर. बाजारात जाऊ पाहणारी विजेची प्रत्येक वस्तू आधी या काळ्या कोपऱ्यात राहून जाते. हीटर येतात, इस्त्र्या येतात, केस वाळवायची यंत्रं येतात. आम्ही त्यांना भिंतीला टेकवून चालू करतो आणि भिंत किती तापते ते बघत बसतो. दालनात बारा महिने तेवीस अंश. बाहेर कुठला ऋतू चाललाय ते आम्हाला आत येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळतं.

या घरात माणसं राहत नाहीत, माणसांच्या जागी वस्तू राहतात. तीन पेरांचं एक धातूचं बोट आहे. ते प्रत्येक फटीत घालून बघायचं, आतल्या तारेला लागतं का. त्याच्या शेजारच्या खोक्यात एक छोटं बोट आहे, लहान मुलाचं. आणि फळीवर एक वाळूची पिशवी आहे, जाड कापडाची, साडेचार किलोची. ती म्हणजे माणसाचं डोकं. उशी, गादी, आरामखुर्ची, असलं काहीही आलं की त्यावर ती पिशवी ठेवायची. इतकी वर्षं ती बिचारी सगळ्यांच्या वाटची झोपली.

नाक मात्र खरं लागतं, आणि ते माझं आहे. काही जळायला लागलं की यंत्राच्या आधी मला कळतं. रबर, वार्निश, कापूस, फोम, डोळे मिटून सांगते. म्हणून सगळे मला नाकताई म्हणतात. साहेब एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ही बाई नाकाने कांदे सोलते. मी म्हटलं, सोलते साहेब, आणि कुठला आतून सडलाय तेही सांगते. त्यानंतर ते माझ्याशी अदबीने वागायला लागले.

तर गेल्या वर्षी आमच्याकडे एक उशी आली. झोपेची उशी. डोकं टेकलं की हळूहळू ऊबदार व्हायची आणि अगदी बारीक आवाजात गुणगुणायची. खोक्यावर लिहिलं होतं, 'ही तुमची झोप ओळखते. तुमचा डोळा लागला की आपोआप विझते.' काठाला नारिंगी रंगाचा बारीक दिवा होता. जाहिराती वाचून मला सहसा जांभई येते, पण ही उशी बघून खरंच जांभई आली, म्हणून मी तिला मनातल्या मनात एक गुण दिला.

आम्ही तिला काळ्या कोपऱ्यात ठेवलं, वर वाळूची पिशवी. दिवा लागला, उशी गुणगुणायला लागली, आणि बरोबर बारा मिनिटांनी दिवा विझला. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा विझला. आमचे तारवाले काका, म्हणजे जे वस्तूला ठिकठिकाणी तापमानाच्या बारीक तारा चिकटवतात ते, म्हणाले, "नाकताई, ही तर माझ्या बायकोपेक्षा वक्तशीर आहे." मी वास घेतला. नव्या कापडाचा वास, बाकी काही नाही. मी सही केली. उशीच्या खोक्यावर आमचं चिन्ह छापलं गेलं आणि मी ती विसरून गेले.

मी आईबरोबर राहते. दोन खोल्या, मधे एक दार. आई कपडे शिवायची, अजूनही शेजारपाजारचं थोडंफार शिवते. बाबा बेकरीत भट्टीवर होते. संध्याकाळी सातला जायचे, पहाटे पाचला यायचे, आणि आई दिवसभर मशीनवर. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांच्या वाट्याला आली ती पहाटेची वीस मिनिटं. बाबा हातपाय धुवायचे आणि आईच्या मानेखाली हात सरकवायचे. भट्टीवरचा हात, कितीही धुतला तरी गरमच. आई डोळे न उघडता बोलायला लागायची. घर बदलायचं का, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, कोणाकडे जायचं आणि कोणाचं तोंड बघायचं नाही, सगळं त्या अर्ध्या झोपेत ठरायचं. मी शेजारच्या गादीवर पडून ऐकायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आईबाप डोळे मिटून बोलतात.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आईची झोप त्यांच्याबरोबर गेली. पहाटे पाचला ती उठून पलंगाच्या काठावर बसायची, पाय खाली सोडून. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, जाग आली." औषधं झाली, दूध-हळद झाली, योगाच्या बाई झाल्या. शेवटी एक दिवस ती स्वतःच दुकानात जाऊन ती उशी घेऊन आली. खोकं माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे बघ, तुमचं चिन्ह. म्हणजे तुझीच सही. मग मी दुसरं काही बघितलंच नाही."

मी सुखावले. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी काय काम करते ते तिला धड सांगता आलं नव्हतं, आणि आता तिच्या डोक्याखाली माझी सही होती.

दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुणीतरी हाताने सारख्या केल्यासारख्या दिसत होत्या. चहा गाळता गाळता म्हणाली, "काल ते आले होते."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. मानेखाली हात घातला. आम्ही खूप बोललो."

"काय बोललात?"

"तुझ्याबद्दलच. तुला सर्दी होते ना सारखी, त्याबद्दल." आणि ती हसली. असं हसताना मी तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबा जवळजवळ रोज यायला लागले. आई दिवसाढवळ्याही गुणगुणायला लागली. शिवायला घेतलेल्या झग्यांना कोणी न मागता लेस लावून द्यायला लागली. घरात सकाळी एक मंद वास दरवळायचा, पावाची कड भट्टीत जरा जास्त राहिली की येतो तसा. मी दात घासत दारात उभी राहायचे आणि मला लहानपणीच्या पहाटा आठवायच्या, बाबांच्या शर्टाच्या बाह्या, त्यांनी कागदात गुंडाळून आणलेली गरम बिस्किटं. मला वाटायचं, आठवणीला वास असतो. महिनाभर असं चाललं. प्रयोगशाळेतलं सगळ्यात तिखट नाक महिनाभर आपल्याच घरात उभं राहून जळका कापूस हुंगत होतं आणि खूश होत होतं. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

रविवारी मी अभ्रे धुवायला काढले. आईची उशी हातात घेतली तर तिच्या मधोमध एक ठिगळ. बारीक टाक्यांचं, कापडाला कापड अगदी मिळवून लावलेलं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पण दीड महिन्याच्या उशीला ठिगळ कशाला? मी कात्रीने दोन टाके उसवले. खाली तळहाताएवढा तपकिरी डाग होता, मधे काळपट. मी नाक जवळ नेलं. तो सकाळचाच वास होता.

मी उशी परत पलंगावर ठेवली. दुपारी जेवण झाल्यावर आई आडवी झाली. तिला मान उंच लागते म्हणून ती उशी दुमडून घेते, लहानपणापासूनची सवय. मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले. दिवा लागला. पाच मिनिटांत आईचा श्वास संथ झाला, डोळा लागला. बारा मिनिटं झाली. दिवा चालूच. आई झोपेत कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली. वीस मिनिटं. तिचे ओठ हलत होते, बोटं चादरीवर काहीतरी शिवल्यासारखी हलत होती. चाळीस मिनिटं, आणि तो नारिंगी दिवा तसाच.

तेव्हा मला सगळं उमगलं. ती उशी झोप ओळखतच नव्हती. ती फक्त हालचाल ओळखत होती. बारा मिनिटं काही हललं नाही की ती विझायची. आणि आम्ही तिच्यावर कोणाला झोपवलं होतं? वाळूला! वाळू कूस बदलत नाही, पुटपुटत नाही, उशी दुमडून घेत नाही. वाळूला स्वप्न पडत नाही. ज्याला स्वप्न पडतं तो त्या उशीला जागाच वाटायचा आणि ती त्याला आणखी ऊब देत राहायची. जितकं लांब स्वप्न, तितकी उशी गरम.

मी आईला उठवलं. तिच्या मानेवर लालसर जाळी उठली होती. मी डाग तिच्यापुढे धरला. "हे केव्हापासून आहे?"

ती डागाकडे न बघता म्हणाली, "महिना झाला असेल."

"आणि तू ठिगळ लावलंस? अगं, आग लागली असती! मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू घेऊन गेली असतीस."

"मग? न्यायलाच हवी!"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि तिने उशी छातीशी धरली. सत्तर वर्षांची बाई, पण तेव्हा माझ्याहून लहान दिसत होती. "तुझी सही आहे ना गं हिच्यावर? मग आता तूच म्हणतेस वाईट आहे?"

मी उशीची वायर काढली आणि पर्समध्ये टाकली.

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त नियमांच्या पुस्तकात त्यांचा जीव गुंतलेला असतो. त्यांनी उशीसोबतचं माहितीपत्रक काढलं आणि चौदाव्या सूचनेवर बोट ठेवलं. मुंगीएवढी अक्षरं होती. "हे बघा, 'दुमडू नये'. आणि खाली, 'झोपेत वापरू नये'."

"साहेब, ही झोपेची उशी आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं तीच राहिली. "हे खरंय," ते म्हणाले. "पण पास झालेली फाइल अशी उघडता येत नाही. वापरणाऱ्याची लेखी तक्रार लागते. तुमची चालणार नाही, सही तुमची आहे. स्वतःच्याच निकालाविरुद्ध तक्रार करता येत नाही."

"अशा किती उशा विकल्या गेल्यात?"

"एकोणीस हजार," साहेब म्हणाले. ते त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

आता सगळं आईवर येऊन ठेपलं. घरी जाऊन मी तिच्यापुढे अर्ज ठेवला. ती मशीनवर बसली होती, पायाचा ठेका न थांबवता म्हणाली, "मी तक्रार करणार नाही. ज्या वस्तूने मला माझं माणूस परत दिलं, तिच्याबद्दल काय लिहू?"

"आई, अशा एकोणीस हजार उशा विकल्या गेल्यात, दुसऱ्या कोणाच्या घरी आग लागेल."

"तूच म्हणतेस. पन्नास वेळा तपासली होतीस ना? तेव्हा नाही लागली."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वायर माझ्या पर्समध्ये, उशी तिच्या पलंगावर, थंडगार. पहाटे पाचला मी दाराच्या फटीतून बघायचे. ती पुन्हा काठावर बसलेली असायची, पाय खाली सोडून, कोणीतरी यायचंय आणि उशीर होतोय असा चेहरा करून. तिचा जीव वाचवायला निघालेली मी, आणि तिला वाटत होतं मी तिच्या नवऱ्याला दारातून परत पाठवलंय. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तसंच वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी ती चहाचा कप माझ्यापुढे आदळून म्हणाली, "कुठल्या कोपऱ्यात तपासता तुम्ही? मला दाखव. मी तिथे झोपते. काही झालं नाही तर वायर परत द्यायची. कबूल?"

"आणि झालं तर?"

"होणार नाही," आई म्हणाली.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "जिवंत माणसावर चाचणी करायची पुस्तकात तरतूद नाही. पण शनिवारी दुपारी कोपरा रिकामाच असतो. तिथे कोणी डुलकी काढली तर मी काही बघायला येत नाही." मग म्हणाले, "माझ्या केबिनमध्ये पांघरूण आहे. दालन फार गार असतं."

शनिवारी आई इस्त्रीची साडी नेसून आली, जणू कोणाकडे पाहुणी जायचंय. काळा कोपरा तिने सगळीकडून बघितला. "छप्पर नाही, दार नाही, खिडकी नाही," ती म्हणाली. "कोणाचं घर म्हणे हे?"

"सगळ्यांचं, ताई," तारवाले काका म्हणाले.

मग तिला फळीवरची वाळूची पिशवी दिसली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, शिवण बघितली. "हे डोकं?" तिने विचारलं. "कोणी शिवलंय? टाके किती सैल आहेत." पिशवी परत ठेवताना तिने तिची बाजू थोपटली, लहान मुलाची थोपटावी तशी.

काकांनी उशीला दोन तारा चिकटवल्या, एक दुमडीच्या आत, एक मानेजवळ. बंद करायचं बटण माझ्या हातात दिलं. मानेजवळ आकडा त्रेचाळीसला गेला की दाबायचं, एक क्षणही थांबायचं नाही, असं ठरलं. जमिनीवर गादी घातली. आई काळ्या भिंतीकडे पाठ करून झोपली, उशी दुमडून. दिवा लागला. उशी गुणगुणायला लागली. सहा रात्रींची झोप राहिलेली बाई ती, दहा मिनिटांत घोरायला लागली.

दालनात तेव्हा इतकं शांत होतं की कागदावर रेघ ओढणारी पेनं ऐकू येत होती. दोन पेनं, दोन रेघा, दुमडीतल्या तारेची निळी, मानेजवळची तांबडी. वरच्या झरोक्यातून येणारा उजेड काळ्या भिंतींनी गिळून टाकला होता आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात फक्त आईचा चेहरा आणि तो नारिंगी ठिपका दिसत होता. काका चपला काढून बसले होते. साहेब बघायला येणार नव्हते, ते दाराशी उभे राहून बघत नव्हते. मला एकदम वाटलं, आम्ही सगळेच तिच्या झोपेच्या आत आहोत आणि कोणी जोरात बोललं तर आम्हीही संपू.

बारा मिनिटं झाली. दिवा विझला नाही. निळी रेघ वर चढायला लागली. दुमडीच्या आत पन्नास, मग साठ, मग सत्तर.

आईचे ओठ हलले. "आलात?" ती म्हणाली.

तो माझ्या लहानपणीचा आवाज होता, पहाटेचा, डोळे मिटून बोलण्याचा. चार वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "आज उशीर केलात," आई म्हणाली. मग काही वेळ ऐकत राहिली. मधेच "हं" म्हणाली, मधेच हसली. निळी रेघ नव्वदपाशी पोचली आणि मला वास आला. पावाच्या कडेचा, बाबांच्या बाह्यांचा. माझं नाक म्हणत होतं कापूस, फोम, धोका, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मानेजवळचा आकडा एक्केचाळीस. बेचाळीस.

"तिला उठवू नका," आई झोपेत म्हणाली. "दमते पोर. झोपू द्या."

त्रेचाळीस.

मी बटण दाबलं. एका क्षणाचाही उशीर केला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण आयुष्यात इतकं जड काही मी दाबलेलं नाही. दिवा विझला, गुणगुण थांबली, मी आईच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी नजर चुकवली.

"गेले," ती म्हणाली. एवढंच.

काकांनी तिला पाणी दिलं. मग कागद तिच्या मांडीवर पसरला. आई शिवणकाम करणारी बाई, तिला रेघा वाचता येतात. तिने तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं, एका चढावर थांबली. "इथे काय झालं?"

"इथे तुम्ही हसलात, ताई," काका हळूच म्हणाले.

आईने त्या चढावरून बोट पुन्हा एकदा फिरवलं. मग उशी उलगडली. दुमडीत, तिच्या ठिगळाच्या शेजारी, नवा तपकिरी डाग होता, अजून गरम. तिने वास घेतला. पहिल्यांदाच तिने तो नीट घेतला असावा, कारण तिचा चेहरा बदलला.

"हे भट्टीचं नाही," ती म्हणाली. "हे कापडाचं आहे."

"हो, आई."

"एकदा तुझ्या बाबांच्या हातून एक ट्रे एका बाजूने करपला. मालक म्हणाला, उलटा लावून ठेव काचेत, कोणाला कळतंय. ह्यांनी अख्खा ट्रे नेऊन उकिरड्यावर टाकला. घरी आले तेव्हा सांगत होते, करपलेलं दडवून विकायचं म्हणजे लोकांच्या तोंडात माती घालायची." तिने डागावर बोट टेकवलं. "आणि मी महिनाभर डाग आतल्या बाजूला घेऊन झोपत होते. त्यांच्याशी बोलत होते. मला लाज नाही वाटली."

"तुला माहीत नव्हतं."

"माहीत होतं म्हणून तर ठिगळ लावलं," आई म्हणाली. "आण तो अर्ज. एकोणीस हजार म्हणालीस ना? सगळ्यांच्याच उशाशी कोणी ना कोणी येत असेल. एवढी माणसं जळायची नाहीत माझ्यासाठी."

तिथेच, काळ्या कोपऱ्यात मांडी घालून, तिने सांगितलं आणि मी लिहिलं. 'ही उशी झोप ओळखत नाही. स्वप्न पडणाऱ्याला ती जागा समजते आणि तापत राहते. मी डाग पाहिला होता आणि शिवून झाकला, ती माझी चूक. उशीची चूक उशी बनवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी वाटून घ्यावी.' हे शेवटचं लिहिताना मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. खाली एक रकाना होता, 'वस्तू वापरत राहण्याचे कारण'.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

"रिकामा ठेव. ते आले होते असं लिहिलंस तर कंपनी जाहिरातीत टाकेल."

दाराशी उभे राहून न बघणारे साहेब एवढ्या मोठ्याने हसले की आम्ही सगळे दचकलो.

पुढचं झालं ते कागदावर झालं. उशीचा दाखला स्थगित झाला, दुकानांतून खोकी परत मागवली गेली, माझ्या सहीवर तांबडी आडवी रेघ पडली. ती रेघ मीच ओढली. कंपनीने चार पानांचं पत्र पाठवून हात झटकले. त्यात लिहिलं होतं की सदर महिला झोपेत बोलत असल्यामुळे हा असामान्य वापर आहे. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, झोपेत न बोलणारा माणूस मला एकदा दाखवा. नव्या नियमात त्यांनी एक ओळ सुचवली आहे की अशी वस्तू जिवंत, झोपलेल्या माणसावर तपासावी, वाळू चालणार नाही. ती ओळ आठ महिने वरच्या कार्यालयात विचाराधीन आहे. तोवर पिशवी फळीवर आहे. आईने तिची शिवण मात्र नव्याने घालून दिली.

उशी प्रयोगशाळेच्या कपाटात मोहोरबंद पडली आहे. मी रोज त्या कपाटासमोरून जाते आणि श्वास रोखून धरते.

आणि आई परत पहाटे पाचला उठून बसायला लागली. बोलायची आता माझ्याशी, हसायचीही, लेसही लावायची. पण ते पाचचं काही चुकलं नाही. मी सांत्वन करायला गेले तर म्हणायची, "काही नाही गं, जाग आली."

परवा मी तिच्या आधी उठले. चहा केला आणि न पिता पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिले. माझे हात कायम गार असतात, तेवीस अंशांत वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. पेल्याला चटका बसेपर्यंत हात लावून धरले. मग हळूच तिच्या खोलीत गेले, पलंगापाशी बसले आणि तिच्या मानेखाली हात सरकवला.

तिने डोळे उघडले नाहीत. "तुझा हात आहे हा," ती म्हणाली. "कळतं मला. मी काही वाळूची पिशवी नाही."

मी ओशाळले आणि हात काढायला लागले.

"काढू नकोस," आई म्हणाली. "गार होईपर्यंत राहू दे."

मग ती डोळे मिटूनच मला विचारायला लागली, सर्दी कशी आहे, साहेब त्रास देतात का, घराला रंग कधी काढायचा. मी एकेक सांगत गेले. माझा हात हळूहळू गार झाला. तोवर तिचा डोळा लागला होता.